‘सर्व ठीक’ आणि तिच्या दोन जाहिराती

आमच्या माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात एक मोठा प्रोजेक्ट असतो. चौघांचा गट, दहा मिनिटांचा माहितीपट, त्याची एक छापील जाहिरात, एक तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात, आणि या सगळ्याचं प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचं मूल्यमापन. गुणांत सिंहाचा वाटा माहितीपटाचा, त्यामुळे बहुतेक गट जाहिराती शेवटच्या रात्री उरकतात. फिल्ममधली एखादी बरी फ्रेम उचलायची, वर नाव टाकायचं, खाली ‘लवकरच’ लिहायचं, झालं पोस्टर. मूल्यमापनाची पाळी त्याहून उशिरा येते. त्यात ‘या प्रकल्पातून आम्हाला खूप काही शिकायला मिळालं’ हे वाक्य हमखास सापडतं.

मी आमच्या गटात एडिटिंगला होते, आणि हे सगळं पार पडल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. जाहिरात रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, बांधायच्या आधी करायला घ्यावी. लोकांना बोलवायची वेळ तेव्हा आलेली नसते, हे मान्य. पण आपली फिल्म नेमकी कशाबद्दल आहे हे आपल्यालाच तेव्हा माहीत नसतं, आणि जाहिरात ते ओकायला लावते.

आमचा विषय रात्रपाळी. सुचवला साउंडवालीने. तिचे वडील वर्षानुवर्षं पाळीत काम करतात, त्यामुळे दिवसा घरात दबक्या आवाजात बोलायचं वळण तिला लहानपणापासून आहे. (म्हणूनच ती साउंडकडे वळली असावी असा माझा सिद्धांत आहे. तिला तो अजिबात मान्य नाही.) प्रस्तावात तीन माणसं होती: एका निवासी संकुलाचे रात्रीचे वॉचमन, एका वॉर्डातल्या सिस्टर आणि छापखान्यातले एक मशीनमन. छापखान्याची परवानगी शेवटपर्यंत आली नाही. सिस्टर बोलायला तयार होत्या, पण वॉर्डात कॅमेरा आणायचा नाही ही अट होती. रास्तच होती, झोपलेल्या रुग्णाची संमती कशी घेणार? त्यामुळे त्या फिल्ममध्ये फक्त आवाजाने आहेत. उरले वॉचमन काका.

पहिल्या भेटीला आम्ही कॅमेरा नेला नाही. “काका, तुमच्या कामावर फिल्म करायची आहे,” म्हटल्यावर ते म्हणाले, “काम कसलं? बसून तर असतो.” हे वाक्य रेकॉर्ड झालं नाही याची हळहळ साउंडवाली अजून करते. नंतर तेच पुन्हा म्हणा, असं मात्र तिने त्यांना सांगितलं नाही. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

रात्रीच्या शूटमध्ये प्रकाशाची मारामार असते. आमचा कॅमेरा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत नीट वागतो, त्यापुढे काळ्या भागात दाणे वळवळायला लागतात. कॅमेरामनला केबिनमध्ये एक एलईडी पॅनल लावायचं होतं. लावून पाहिलं तर ती जागा टीव्ही मालिकेतली केबिन दिसायला लागली, शिवाय काका सारखे डोळे चोळत होते. पॅनल काढलं. रात्र आहे, थोडी दाणेदार दिसली तर दिसू दे. ट्यूबलाइटचं प्रकरण मात्र सोडून चालत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटर त्या लयीत नसेल तर चित्रावरून पट्टे सरकत राहतात. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० सेकंद ठेवलं की प्रश्न मिटतो. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे १/६०. स्वस्त एलईडी दिव्यांचंही असंच होतं, म्हणून शूटच्या आधी त्या जागी अर्धा मिनिट टेस्ट घेऊन ती मोठ्या स्क्रीनवर बघायची. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर पट्टे दिसतीलच असं नाही.

आणि रात्र शांत असते हा शुद्ध गैरसमज आहे. ट्यूबचा चोक गुणगुणत असतो, पाण्याचा पंप मध्येच सुरू होतो, वॉकीटॉकी कोणी बोलत नसतानाही खरखरते. आमच्या साउंडवालीने प्रत्येक जागी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून मिनिटभर नुसता त्या जागेचा आवाज घेतला. तेव्हा आम्ही कुरकुरलो. एडिटला बसल्यावर दोन वाक्यांमधल्या भेगा मी त्याच आवाजाने बुजवल्या. तो नसता तर प्रत्येक कटला कानात खड्डा पडला असता.

सत्राच्या मध्यावर सरांनी जाहिरातींचा कच्चा आराखडा मागितला. कॅमेरामनने एका रात्रीत पोस्टर करून आणलं. लांबच लांब अंधारा बोळ, टोकाला पाठमोरी आकृती, हातात टॉर्च, वर लाल अक्षरांत ‘रात्र’. तेव्हा फिल्मचं तेच नाव होतं. दिसायला जबरदस्त. सर म्हणाले, “नाव झाका आणि शेजारच्या वर्गाला विचारून या, फिल्म कशाबद्दल असेल.”

शेजारच्या वर्गाने एकमुखाने सांगितलं: भुताची.

पोस्टर वाईट नव्हतं. त्याने जे वचन दिलं होतं ते आमच्याकडे द्यायला नव्हतं, एवढंच. भुताच्या अपेक्षेने आलेला माणूस दहा मिनिटं एका माणसाला रजिस्टर भरताना बघणार आणि चिडून उठणार, आणि त्या चिडण्यात त्याची काही चूक नसणार. छापील जाहिरातीची परंपरागत कसोटी म्हणजे लक्ष वेधलं का, कुतूहल जागं झालं का, बघावंसं वाटलं का. या तिन्हींत ते पोस्टर पैकीच्या पैकी पास होतं. पुढची कसोटी त्या यादीत नसते. पाहून झाल्यावर माणसाला फसवल्यासारखं वाटलं का?

मग सरांनी दुसरं काम दिलं. फिल्म का बघावी ते एका वाक्यात लिहा, विशेषण वापरायचं नाही. आम्ही चौघं कॅन्टीनमध्ये कागद घेऊन बसलो. ‘रात्रपाळीचं भीषण वास्तव’: विशेषण, बाद. ‘तुम्ही झोपता तेव्हा कोणीतरी जागं असतं’: सगळ्यांना आवडलं, आणि त्यातच त्याची खोट होती. रात्रपाळीवरच्या कुठल्याही लेखाला, फिल्मला, विम्याच्या जाहिरातीलाही ते चिकटवता येतं.

कॅमेरामनकडे तिसरं वाक्य होतं: ‘रात्रपाळीने कॅन्सर होतो.’ त्याला आधार नव्हता असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम २००७ मध्ये ‘गट २अ’ मध्ये, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून रात्रपाळी त्याच गटात ठेवली. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. फिल्मसाठी आम्ही एका झोपेच्या डॉक्टरांची मुलाखत घेतली होती, त्यांनी हा फरक दोनदा बजावून सांगितला होता. फिल्ममध्ये हे सांगायला पंचवीस सेकंद मिळतात. पोस्टरवर मिळतो तो बस थांब्यावरच्या माणसाचा एक कटाक्ष, आणि त्या कटाक्षात ‘बहुधा’ हा शब्द कधीच वाचला जात नाही. वाक्य बाद. यावर आमचं चांगलंच वाजलं. कॅमेरामनचं म्हणणं होतं की भीती वाटल्याशिवाय कोणी फिरकणारच नाही. असेलही. पण काका तेच पोस्टर रोज आपल्या गेटवर बघणार होते.

तिढा सुटला तो डीपीआयमुळे. विनोद नाही. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात, आणि आमची फिल्म १९२० बाय १०८० ची. भागाकार केला की त्या फ्रेमचा नीट छापता येणारा आकार येतो साधारण १६ बाय ९ सेंटीमीटर, पोस्टकार्डाच्या जवळपास. म्हणजे ‘फिल्ममधली एखादी फ्रेम उचलू’ हा बेत मुळातच पोकळ होता. मोठं केलं की अंधारातले ते दाणे खडीएवढे दिसणार. छापायला वेगळे फोटो हवेत. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा असतो, तो ५० सेंटीमीटर रुंदीपर्यंत आरामात छापला जातो. पण फोटोसाठी पुन्हा जायला वेळ नव्हता. तेव्हा आमच्या प्रॉडक्शन बघणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की तिच्याकडे कंटिन्युइटीसाठी काढलेले फोटो आहेत. टेबलावर काय कुठे ठेवलं होतं ते लक्षात राहावं म्हणून काढलेले, कोणालाही न दाखवायच्या लायकीचे. ते चाळताना रजिस्टरचं पान समोर आलं.

काकांच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असतं. दर तासाला फेरी मारून आले की ते वेळ लिहितात, सही करतात आणि शेरा टाकतात. शेरा ठरलेला: ‘सर्व ठीक’. पानंच्या पानं, महिनेच्या महिने, सर्व ठीक. शूट करताना ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. फोटोत एक अख्खी रात्र एका पानावर होती. अकराच्या ओळीत अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, शिरोरेषा एका दमात ओढलेली, ‘सर्व’वरचा रफार जागच्या जागी. एकच्या ओळीत शिरोरेषा तुटक. दोनला ती नाहीच. तीनला ‘ठी’ची वेलांटी लांबत जाऊन ‘क’च्या डोक्यावर पडलेली. चारच्या ओळीत दोन शब्दांमधली जागा गेलेली, रफार हवेत, आणि सगळी ओळच उजवीकडे उतरत खालच्या निळ्या रेघेला टेकलेली. पाचला थोडी सावरलेली. सहाला पुन्हा अकरासारखी.

डॉक्टर मुलाखतीत सांगत होते ते हेच. पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान खालच्या टोकाला असतं, सावधपणाही तसाच, आणि सवयीने ते फारसं बदलत नाही. त्यांनी हातांनी आलेखसुद्धा काढून दाखवला होता. काकांच्या पानावर तो आलेख शाईने काढलेला होता.

पोस्टर तेच पान झालं. इतरांची नावं आणि घरांचे नंबर झाकले. काकांची सहीही झाकली, कारण सही छापून गावभर लावायची नसते. तळाशी एकच ओळ: ‘चारची नोंद बघा.’ नाव वेगळं छापायची गरज उरली नाही. ते पानावर सात-आठ वेळा लिहिलेलंच होतं. तिथून फिल्मचं नाव ‘रात्र’चं ‘सर्व ठीक’ झालं. पहिला छापील नमुना मात्र मळकट निघाला. स्क्रीनच्या आरजीबी रंगांत झळकणारी निळी शाई छपाईच्या सीएमवायके रंगांत जांभळट पडते. निळ्याची जांभळ्याकडची ओढ कमी करण्यासाठी किरमिजी (मॅजेंटा) उतरवावा लागला, तेव्हा कुठे शाई शाईसारखी दिसली.

आणि आता रफ कट बांधायला घेतल्यावर मला माझी आधीची टाइमलाइन बघवेना. तिची सुरुवात निवेदनाने होती: ‘झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे.’ मग शरीराच्या घड्याळामागची जनुकं शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते काम फळमाश्यांवर झालं, वगैरे. माहिती अचूक आणि रंजकही. फळमाशीचा एक सुंदर शॉटसुद्धा मिळवला होता. पण पोस्टर बघून आलेल्या माणसाला फळमाशीशी काय देणंघेणं? तो चारच्या नोंदीची वाट बघत बसलाय. निवेदन गेलं, नोबेल गेलं. फिल्म रजिस्टरच्या तासांवर बांधली: अकराची नोंद, मग अकरा ते बारा, बाराची नोंद, मग पुढे. अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर चित्रपट-अभ्यासक बिल निकल्स यांनी माहितीपटांचे जे सहा प्रकार सांगितलेत, त्यांतल्या व्याख्यात्मक (निवेदनातून समजावून सांगणाऱ्या) प्रकारातून आम्ही निरीक्षणात्मक (नुसतं बघू देणाऱ्या) प्रकाराकडे सरकलो. परीक्षेत असं लिहावं लागतं. प्रत्यक्षात आम्ही पोस्टरचं ऐकलं.

मग एक अडचण आली. चारच्या नोंदीचा चालता शॉट फोकसबाहेर होता. हात हलतोय एवढंच कळत होतं. कॅमेरामन म्हणाला, काकांना संध्याकाळी बोलावू, पुन्हा लिहायला लावू, क्लोजअप मारू, अर्ध्या तासाचं काम. मी अडून बसले. इथे इतिहास आपल्या बाजूचा नाही हे मला माहीत होतं. १९२२ च्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटात रॉबर्ट फ्लाहर्टीने इग्लूच्या आतलं दृश्य घेण्यासाठी एक बाजू उघडी असलेलं इग्लू बांधून घेतलं होतं, कारण आत ना उजेड पुरत होता ना कॅमेऱ्याला जागा. माहितीपट जन्मापासून थोडा रचलेलाच आहे. आम्हीही काकांना वाइड शॉटसाठी गेटपासून केबिनपर्यंत दोनदा चालायला लावलं होतं. पण चालणं परत केलं तरी ते चालणंच राहतं. संध्याकाळी ताज्यातवान्या माणसाने काढलेलं पेंगुळलेलं अक्षर ही निव्वळ नक्कल, आणि आमची सगळी फिल्म त्या अक्षरावर उभी होती. शेवटी मूळ पान दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, कॅमेरा अगदी जवळ नेऊन ओळीवरून सावकाश फिरवला. लिहिणारा हात फ्रेममध्ये नाही. खाली त्या रात्रीचाच आवाज आहे, पेन टेबलावर ठेवल्याचा.

दुसरा वाद याहून अवघड होता. पावणेचारच्या सुमारास काकांची हनुवटी हळूहळू छातीला टेकते, दोन-तीन क्षण तशीच राहते आणि ते दचकून सरळ होतात. कॅमेरा हलत नाही. आमच्या सगळ्या फुटेजमधला तो सर्वांत चांगला शॉट. कॅमेरामनने त्याचा मोबाइलवर टाकण्यासाठी पंधरा सेकंदांचा उभा टीझर करून ठेवला होता. संमतीपत्रावर काकांची सही होती, तेव्हा कागदोपत्री काही अडत नव्हतं.

रफ कट काकांना दाखवायचा हे आधीपासून ठरलं होतं. ज्याँ रूश आणि एडगार मोरँ यांनी १९६१ च्या ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ या माहितीपटात चित्रित केलेल्या माणसांनाच ते फुटेज दाखवलं आणि त्यांची त्यावरची भांडणंही फिल्ममध्ये ठेवली. हे वर्गात शिकल्यापासून साउंडवाली त्यावर लट्टू होती. काकांनी लॅपटॉपवर पाहिलं. स्वतःच्या चालीला हसले. डुलकीचा शॉट आला तेव्हा पुढे वाकले, संपेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “हे लावलंत तर दुसऱ्या दिवशी इथे दुसरा माणूस बसलेला असेल.”

फिल्ममध्ये तो शॉट सहा मिनिटांच्या रात्रीनंतर येत होता. तोवर बघणाऱ्याला कळलेलं असतं की हा माणूस किती वेळ जागा आहे. टीझरमध्ये तो पहिल्याच सेकंदाला येणार. संदर्भ गळून पडला की उरतं ‘वॉचमन ड्यूटीवर झोपला’, आणि ते फिरतं. टीझर काढून टाकायला कॅमेरामन लगेच तयार झाला. फिल्ममधून काढायला तयार नव्हता, आणि त्याचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नव्हतं. पण फिल्ममधला शॉट मोबाइलवर रेकॉर्ड करून कोणीही कापू शकतो, आणि आमच्या दहा मिनिटांपेक्षा त्या माणसाची नोकरी मोठी. शॉट गेला. त्या जागी रजिस्टरवरून फिरणारा कॅमेरा आहे, आणि त्याखाली काकांनी दचकून घेतलेला श्वास. आवाज ठेवायला त्यांची हरकत नव्हती. पोस्टरबद्दलही विचारलं, कारण शेवटी ते अक्षरही तेच सांगतं. काका म्हणाले, “अक्षर वाईट आलं म्हणून कोणी कामावरून काढत नाही.”

रेडिओ जाहिरातीचा पहिला मसुदा मी लिहिला आणि त्यात शंभराच्या घरात शब्द होते. तीस सेकंदांत माझ्या अनुभवाने साठ-पासष्ट शब्दांवर गेलं की वाचणारा धापा टाकतो. तेवढे शब्द बसवायचे तर संगीत, आवाज, श्वास, कशालाच जागा उरत नाही. शिवाय मूळ पेच असा की आमच्या पोस्टरचा सगळा जीव अक्षरात, आणि रेडिओला डोळे नाहीत. साउंडवालीने तोडगा काढला. काकांनी प्रत्येक फेरीनंतर नोंद लिहिताना ती मोठ्याने वाचायची. दिवसा स्टुडिओत वाचून घेतलं तर ते बातम्यांसारखं सपाट आलं, म्हणून ती पुन्हा एक रात्र रेकॉर्डर घेऊन केबिनमध्ये बसली. जाहिरात अशी आहे: टॉर्चचा खटका, पावलं, “अकरा. सर्व ठीक.” खटका, पावलं, “एक. सर्व ठीक.” पावलं जरा फरफटत, “तीन… सर्व ठीक.” मग खटका. पावलं. आणि काहीच नाही. साडेतीन सेकंद नुसती केबिन. मग स्त्रीचा आवाज: ‘सर्व ठीक. माहितीपट.’ आणि वार, वेळ, जागा.

ती साडेतीन सेकंदं वाचवायला आम्हाला भांडावं लागलं. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं लोकांना वाटतं, हे सरांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून तिथे चोकची गुणगुण ठेवली होती. हेडफोनवर अप्रतिम. मोबाइलच्या स्पीकरवर लावली तर गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली, कारण एवढासा स्पीकर इतके खालचे सूर धड उमटवतच नाही. तिच्या जागी वॉकीटॉकीची खरखर घातली. ती कुठल्याही डबड्या स्पीकरवर ऐकू येते. जाहिरात मिक्स करणाऱ्याने शेवटची प्रत महागड्या हेडफोनवर पास करू नये, हे मी भिंतीवर लिहून लावायला तयार आहे.

मूल्यमापनासाठी प्रेक्षकांचा प्रतिसाद लागतो. त्यासाठीची प्रश्नावली सगळे गट एकमेकांची उतरवतात: फिल्म आवडली का, पाचपैकी किती, सुधारणा सुचवा. मित्रांना दाखवली की पाचपैकी चार मिळतात, सुधारणा ‘काही नाही’. त्यातून कळतं एवढंच की मित्र चांगले आहेत. आम्ही फॉर्म वाटले, पण मी पडद्याकडे पाठ करून बसले, समोर लोक आणि हातात मिनिटा-सेकंदांचा कागद. कोण कुठे हललं, कुठे हसलं, कोणाचा हात कुठल्या सेकंदाला मोबाइलकडे गेला. पाच मिनिटं दहा सेकंदांपासून पुढे हातांची लाटच उसळली. तिथे डॉक्टर बोलत होते, सलग सव्वा मिनिट, एकाच चौकटीत. फॉर्मवर त्याच लोकांनी डॉक्टरांच्या मुलाखतीला ‘माहितीपूर्ण’ लिहिलं होतं. दोन्ही खरं असेल. मी डॉक्टरांचं चित्र दहा सेकंदांवर आणलं आणि बाकीचा आवाज काकांच्या दोनच्या फेरीवर सरकवला.

दुसरी गोष्ट जाहिरातीसाठी केली. अर्ध्या प्रेक्षकांना आत येताना पोस्टर दिसेल असं लावलं, अर्ध्यांना दुसऱ्या दाराने आत घेतलं. नंतर एकच प्रश्न: फिल्म कशाबद्दल होती? पोस्टर न बघितलेल्यांतले बरेच जण म्हणाले, झोपेच्या त्रासाबद्दल. बघितलेले म्हणाले, त्या काकांबद्दल. माणसं थोडी होती, त्यामुळे त्याची टक्केवारी काढायच्या फंदात मी पडले नाही. आमच्या वर्गात बारा जणांच्या उत्तरांचे रंगीत पाय चार्ट काढायची फार हौस आहे. पण यावरून माझ्यापुरतं एक कळलं: पोस्टर फिल्म कशी बघायची ते सांगत होतं. आणि दुसरंही कळलं, जे तितकं सुखाचं नाही. पोस्टरशिवाय फिल्म एकटी ते काम करू शकत नव्हती. म्हणून सुरुवातीला काही न बोलता रजिस्टरचं अख्खं पान आठ सेकंद ठेवलं, आणि पडद्यावरची नावंही रजिस्टरच्या निळ्या रेघेवर बसवली.

लिहायच्या मूल्यमापनात ठरलेले प्रश्न असतात: माहितीपटाचे प्रचलित संकेत कुठे पाळले, कुठे मोडले; मुख्य कलाकृती आणि जाहिराती एकमेकींना कितपत धरून आहेत; प्रेक्षकांकडून काय समजलं; तंत्रज्ञान कसं वापरलं. मी स्वतःला एकच बंधन घातलं. ‘प्रभावी’ हा शब्द लिहावासा वाटला की त्या जागी मिनिट-सेकंद लिहायचा आणि तिथे काय घडतं ते सांगायचं. तसं लिहिलं की लपायला जागा उरत नाही. सिस्टरांचा आवाज तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर येतो, एकदाच येतो, आणि पुन्हा कधीच येत नाही, हे वाक्य लिहिल्यावर त्याला कुठलंही समर्थन जोडता येईना. सरांनीही नेमकं त्यावरच बोट ठेवलं. त्यांचं दुसरं म्हणणं होतं की तुमचं पोस्टर तुमच्या फिल्मपेक्षा सरस आहे. कॅमेरामनला ते लागलं. मला फारसं नाही, कारण सातव्या मिनिटाला फिल्म बसते हे माझ्या कागदावरही आहे.

निकाल लागल्यावर मी गुपचूप एक वेगळा कट केलाय. त्यात डॉक्टर अजिबात नाहीत, सिस्टर तीनदा येतात आणि फिल्म आठ मिनिटांत संपते. कॅमेरामनने पाहिला, त्याला पटला. साउंडवालीचं म्हणणं आहे की डॉक्टर काढले तर अक्षर चारलाच का बिघडतं हे कोणाला कळणार नाही. माझं म्हणणं, कळतं. पुढच्या आठवड्यात दोन्ही प्रती अशा लोकांना दाखवणार आहोत ज्यांनी पोस्टर पाहिलेलं नाही, आणि या वेळी पडद्याकडे पाठ करून ती बसणार आहे.